इन्सुलिन आणि क्रीडांगण

(नभोवाणीवरील भाषण)



मधुमेह म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें पन्नाशी उलटलेले, सकाळीं बागेंत झपझप फेऱ्या घालणारे गृहस्थ उभे राहतात. डॉक्टर त्यांना चालावयास सांगतात आणि ते चालतात. बहुतेकांच्या बाबतींत प्रश्न तेथेंच मिटतो. आज मला ज्यांच्याविषयीं बोलावयाचें आहे त्यांचा प्रश्न तेथें सुरू होतो. त्यांत पुष्कळशीं मुलें आहेत. त्यांच्या स्वादुपिंडांतील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशी शरीराच्याच संरक्षक शक्तीनें नष्ट केलेल्या असतात. त्यामुळें इन्सुलिन बाहेरून, सुईनें अथवा पंपानें, दररोज घ्यावें लागतें. याला पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. साखर खाल्ल्यानें तो होत नाहीं, आईबापांच्या हयगयीनें होत नाहीं, आणि शेजारच्या काकूंनीं कितीहि आग्रह केला तरी कारल्याच्या रसानें जात नाहीं.

ज्या घरांत असें मूल आहे त्या घरांत रोज संध्याकाळीं एक वाद उपस्थित होतो. मूल बूट घालून दाराशीं उभें असतें आणि आई म्हणते, "आज नको रे बाबा, मागच्या वेळीं काय झालें तें आठवतें ना?" तिच्या म्हणण्यांत तथ्य असतें. खेळतां खेळतां पांढरें फटक पडलेलें, घामानें भिजलेलें, भलतेंच बडबडणारें आपलें मूल तिनें पाहिलेलें असतें. परंतु खेळ बंद केल्यानें होणारें नुकसान डोळ्यांना दिसत नाहीं म्हणून तें लहान ठरत नाहीं. नियमित व्यायामानें शरीर इन्सुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देऊं लागतें. हृदय व रक्तवाहिन्या, ज्यांना या विकारांत विशेष धोका, त्या सुदृढ राहतात. शिवाय बाकावर बसवून ठेवलेलें मूल हळूहळू स्वतःला रोगी समजूं लागतें. हें मी शाळेच्या मैदानाच्या कडेला उभा राहून अनेक वर्षें पाहिलें आहे.

मी वैद्य नव्हें, शाळामास्तर आहें. माझी नात सहा वर्षांपासून इन्सुलिन घेते आणि ती खो-खो खेळते. डॉक्टरांनीं सांगितलेले हिशेब वहींत मांडण्याचें काम घरांत माझ्याकडे आलें. त्या वहीच्या आधारावर आणि डॉक्टरांकडून समजून घेतलेल्या गोष्टींच्या बळावर मी बोलत आहें. कोणाचेंहि इन्सुलिनचें प्रमाण ठरविणें हें त्याच्या डॉक्टरांचें काम. मी सांगणार आहें तें एवढेंच कीं, हें प्रमाण खेळासाठीं बदलावें लागतें, तें कां, आणि त्याविषयीं डॉक्टरांना काय विचारावें.

प्रथम निरोगी शरीर काय करतें तें पाहूं. प्रौढ माणसाच्या साऱ्या रक्तांत मिळून एका वेळीं चार-पांच ग्रॅम, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, साखर असते. धांवणारे स्नायु एवढी साखर थोड्याच मिनिटांत फस्त करतील. तरी माणूस मैदानावर कोसळत नाहीं, कारण धांवणें सुरू होतांच स्वादुपिंड इन्सुलिन सोडणें कमी करतें व ग्लुकॅगॉन नांवाचा दुसरा स्राव वाढवितें. त्या सूचनेसरशी यकृत आपल्या कोठारांतील साखर रक्तांत ओतूं लागतें. जेवढी खर्च तेवढीच जमा! यांत आणखी एक मौज अशी कीं, आकुंचन पावणाऱ्या स्नायूला साखर आंत ओढून घेण्यासाठीं इन्सुलिनची गरज जवळजवळ उरत नाहीं. त्याचे दरवाजे श्रमानेंच उघडतात.

आतां इन्सुलिन टोंचून घेणाऱ्या मुलाकडे पाहा. चार वाजतां खाण्याबरोबर घेतलेलें इन्सुलिन त्याच्या कातडीखालीं आहे आणि तेथून तें रक्तांत झिरपत आहे. साडेपांचला खेळ सुरू झाला तरी तें मागें घेतां येत नाहीं. उलट अंग तापलें, रक्ताचा ओघ वाढला, म्हणजे तें अधिकच वेगानें उतरतें. एकीकडे श्रमानें स्नायूंचे दरवाजे उघडले आहेत, दुसरीकडे इन्सुलिनही तेच दरवाजे उघडत आहे, आणि शिवाय यकृताला 'साखर सोडूं नकोस' म्हणून तेंच बजावीत आहे. पैसे काढणारे दोन आणि भरणाऱ्याच्या हातांत बेडी, अशी ही स्थिति आहे. एकदां दिलेलें इन्सुलिन परत बोलावतां येत नाहीं, ही एक गोष्ट नीट ध्यानांत आली म्हणजे पुढील साऱ्या सूचना पाठ कराव्या लागत नाहींत. त्या आपोआप सुचतात.

ही गोष्ट नवी नाहीं. 1921 सालीं टोरांटो येथें बँटिंग व बेस्ट यांनीं इन्सुलिन मिळविलें, आणि 1922 च्या जानेवारींत तें प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला टोंचण्यांत आलें. त्यानंतर चारच वर्षांनीं, 1926 मध्यें, लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स यांनीं व्यायामाचा इन्सुलिनच्या क्रियेवर होणारा परिणाम एका निबंधांत मांडला. लॉरेन्स स्वतः मधुमेही होते. 1923 सालीं इन्सुलिन मिळालें म्हणून ते वांचले होते. त्यांच्या काळीं बोटाच्या एका थेंबावरून काही क्षणांत साखर सांगणारें यंत्र नव्हतें. आज तें कित्येक घरांत आहे, आणि तरीहि मुलें बाकावर बसतात, याचें मला नवल वाटतें.

तर मग करावयाचें काय? पहिला निर्णय मैदानावर घ्यावयाचा नसतो. तो खेळाच्या आधींच्या खाण्याच्या वेळीं घ्यावयाचा असतो. खाण्याबरोबर घेतलें जाणारें आजचें जलद इन्सुलिन एक-दोन तासांच्या सुमारास ऐन भरांत येतें आणि चार-पांच तासांत ओसरतें. जुन्या पद्धतीचें, ज्याला साधें अथवा रेग्युलर म्हणतात तें, अर्ध्या तासानें सुरू होऊन दोन ते चार तासांत भरांत येतें व सहा-आठ तास रेंगाळतें. आपल्याकडे पुष्कळ घरांत अजून तेंच वापरतात, म्हणून आपलें कोणतें हें आधीं बाटलीवर वाचून घ्यावें. भर ओसरल्यावर खेळावयाचें असेल तर प्रश्न सोपा. पण खाणें आणि खेळ यांत दोन तासांहून कमी अंतर असेल, तर त्या खाण्याचें इन्सुलिन कमी करावें लागतें. श्रम हलके व थोडा वेळ असतील तर सुमारें चतुर्थांशानें, तासभर मध्यम श्रम असतील तर निम्म्यानें किंवा त्याहूनही अधिक, आणि कधीं कधीं तीन चतुर्थांशांपर्यंत. माझी नात एक पोळी व दूध यांसाठीं एरवीं चार युनिट घेते. सरावाच्या दिवशीं दोन घेते. हा आंकडा तिच्यापुरता आहे. शेजारच्या घरांतील मुलाला तो लागू पडेलच असें नाहीं, आणि खुद्द तिलाही मागल्या वर्षीचा आंकडा यंदा लागू पडला नाहीं. मूल वाढतें तसा हिशेब बदलतो.

सुई कोठें टोंचावी यालाही महत्त्व आहे. ज्या मांडीनें धांवावयाचें तींत टोंचलेलें इन्सुलिन चटकन् उतरतें. खेळाआधींची सुई पोटावर घ्यावी. टोंचल्याजागीं चोळणें व लगेच कढत पाण्यानें स्नान करणें यांचाहि तोच परिणाम होतो.

मैदानावर पाऊल टाकण्यापूर्वीं साखर तपासावी. 126 ते 180 मिलिग्रॅमच्या दरम्यान असेल तर बहुतेक खेळांना तो आंकडा चांगला. नव्वदच्या खालीं असेल तर दहा ते वीस ग्रॅम साखर देऊन आंकडा नव्वदच्या वर चढेपर्यंत थांबावें. नव्वद आणि सव्वाशें यांच्या मध्यें असेल तर दहा ग्रॅम देऊन सुरुवात करावी. आंकडा 270 च्या वर असेल तर येथें मोठा गैरसमज आहे. "साखर वाढली आहे ना, मग धांवूं दे, उतरेल!" असें घरांतील वडीलधारी माणसें म्हणतात. ती इन्सुलिनच्या अभावीं वाढलेली असेल तर धांवण्यानें उतरत नाहीं, आणखी चढते. इन्सुलिन नसतां शरीर चरबी जाळूं लागतें, रक्तांत कीटोन नांवाचीं आम्लें सांचतात, आणि श्रमानें त्यांत भरच पडते. म्हणून अशा वेळीं कीटोन तपासावे. रक्तांतील कीटोन दीड मिलिमोलपर्यंत अथवा त्यापलीकडे गेलेले असतील तर खेळ सर्वस्वी बंद, आणि ताबडतोब डॉक्टर. त्याहून कमी पण वाढलेले असतील तरी आधीं कारण शोधून उपाय, मग खेळ. कीटोन नसतील आणि नुकतेंच जेवण झाल्यामुळें साखर चढलेली असेल, तर हलका व्यायाम करण्यास हरकत नाहीं.

खेळ लांबणारा असेल तर इन्सुलिन कमी करूनही खाणें लागतें. सिंहगडाला अतकरवाडीच्या वाटेनें चढणाऱ्यानें वर पोंचल्यावर पिठलें-भाकरी खाऊं म्हणून रिकाम्या खिशानें निघूं नये. मुलांच्या बाबतींत वजनाच्या दर किलोमागें तासाला अर्धा ते एक ग्रॅम, इन्सुलिन ऐन भरांत असेल तर दीड ग्रॅमपर्यंत, असा ठोकताळा आहे. मोठ्या माणसाला लांबच्या श्रमांत तासाला तीस ते साठ ग्रॅम लागूं शकतात. मध्यम आकाराच्या केळ्यांत सुमारें पंचवीस ग्रॅम मिळतात. मात्र साखर घसरलीच, तर केळें नको, पेढा नको, शेंगदाण्याची चिक्की तर मुळींच नको. स्निग्ध पदार्थामुळें त्यांतील साखर उशिरा उतरते. तेव्हां ग्लुकोजची पूड अथवा साधी साखर पाण्यांत विरघळवून द्यावी, तीन चमचे, म्हणजे सुमारें पंधरा ग्रॅम. पंधरा मिनिटें थांबावें, पुन्हा तपासावें, न चढल्यास पुन्हा द्यावी. मूल बेशुद्ध असेल तर तोंडांत कांहींहि घालूं नये. त्याला कुशीवर वळवावें, घरीं ग्लुकॅगॉनची सुई असल्यास ती द्यावी, व डॉक्टरांना बोलवावें.

आतां एका कोड्याकडे वळतों. सराव झाल्यावर नातीची साखर घसरत असे. सामना झाला कीं चढलेली सांपडे. मैदान तेंच, खेळ तोच! कारण असें कीं, सर्वच श्रमांचा परिणाम एक नसतो. चालणें, सायकल, सावकाश पोहणें यांनीं साखर एकसारखी उतरते. जोरानें मारलेली धांव, वजनें उचलणें, आणि सामन्याच्या आधीं छातींत होणारी धडधड यांनीं अ‍ॅड्रेनॅलिन उसळतें, आणि तें यकृताला साखर सोडावयास लावतें. खो-खो, कबड्डी, फुटबॉल हे मिश्र खेळ. त्यांत कोणतें पारडें जड होईल हें वहीच सांगते. सामन्यानंतर 250 दिसलें म्हणून घाबरून पूर्ण मात्रेचें इन्सुलिन देऊं नये. ही चढ बहुधा तास-दोन तासांत आपोआप उतरूं लागते. देणेंच असेल तर नेहमींच्या दुरुस्तीच्या मात्रेच्या निम्मेंच, आणि झोपण्याच्या वेळीं तर शक्यतों नाहींच.

कारण यापुढें रात्र आहे. आणि या विषयांतील सर्वांत कमी माहीत असलेला व सर्वांत घातक भाग रात्रींचाच आहे.

खेळ संपला म्हणजे स्नायूंचें काम संपत नाहीं. संध्याकाळीं त्यांनीं आपली शिदोरी, ग्लायकोजेन नांवाची सांठविलेली साखर, खर्च केलेली असते. ती पुन्हा भरण्यासाठीं ते रात्रभर रक्तांतून साखर ओढत राहतात. इन्सुलिनचा परिणामही या काळांत वाढलेला असतो. हा क्रम सहा-सात तासांपासून कधीं चोवीस तासांपर्यंत चालतो. सायंकाळीं सहाला खेळलेल्या मुलाची साखर म्हणून मध्यरात्रीनंतर घसरते, सारें घर झोपलेलें असतांना. आमच्याकडे दुखण्याच्या दुसऱ्या वर्षीं आंतरशालेय सामन्यांच्या रात्रीं असेंच झालें. संध्याकाळीं सर्व आंकडे उत्तम होते. पहाटे अडीचला सुनेला जाग आली तेव्हां पोर घामानें चिंब होती, आंकडा 48. साखरेचें पाणी पोटांत गेल्यावर ती म्हणाली, "आजोबा, मीं खो दिला का?" ती अजून मैदानावरच होती.

त्यावर डॉक्टरांनीं जी व्यवस्था सांगितली ती अशी. संध्याकाळीं दमछाक झालेल्या दिवशीं रात्रींच्या जेवणाचें इन्सुलिन कमी करावयाचें; दीर्घकाल टिकणारें जें इन्सुलिन रात्रीं घेतलें जातें तें सुमारें एक पंचमांशानें उतरवावयाचें; झोपतांना इन्सुलिन न घेतां दूध किंवा तसेंच कांहीं पोटांत जाऊं द्यावयाचें; आणि पहाटे दोन-तीनच्या सुमारास एकदां साखर पाहावयाची. ज्यांच्याकडे दंडावर लावण्याचें सेन्सर आहे त्यांचें हें काम हलकें होतें, कारण तें गजर करून उठवितें. पण सेन्सर कातडीखालच्या द्रवांतील साखर मोजतें, रक्तांतील नव्हें. साखर वेगानें घसरत असतां त्याचा आंकडा रक्ताच्या कांहीं मिनिटें मागें असतो. 90 दिसत असतांना रक्तांत त्याहून बरीच कमी असूं शकते. म्हणून खेळतांना आंकड्यापेक्षां बाणाची दिशा पाहावी, आणि मुलाला लक्षणें जाणवत असतील तर यंत्रावर नव्हें, मुलावर विश्वास ठेवावा.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला फार विलक्षण वाटली. आज साखर एकदां बरीच घसरली, तर उद्यांच्या व्यायामांत शरीराची प्रतिकाराची शक्ति मंद पडलेली असते. घाम, थरथर, भूक हीं सूचना देणारीं लक्षणेंही उशिरा उमटतात. म्हणून दुसऱ्याच्या मदतीवांचून सांवरतां न येण्याइतकी साखर ज्या दिवशीं घसरली, त्यानंतर चोवीस तास खेळाला विश्रांति. ही एवढी सुट्टी मात्र मूल कितीहि रुसलें तरी पाळावी. आणि पोहण्यास एकट्यानें तर कधींच जाऊं नये.

सकाळीं उपाशीपोटीं, जेवणाचें इन्सुलिन अंगांत नसतां केलेल्या व्यायामांत घसरण्याचें भय सर्वांत कमी असतें आणि रात्रींची चिंताही बरीच टळते. ज्यांना वेळ निवडतां येतो त्यांनीं सकाळ निवडावी. शाळांचे सराव संध्याकाळीं असतात, त्याला इलाज नाहीं. संध्याकाळच्याच सत्रांत वजनांचा व्यायाम व धांवणें दोन्ही असेल तर आधीं वजनें व मग धांवणें, या क्रमानें साखर अधिक स्थिर राहते असें आढळलें आहे.

हें सारें ऐकून कोणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कोण करील? 1997 सालीं वासिम अक्रम यांना हा मधुमेह असल्याचें निदान झालें. 1999 च्या विश्वचषकांत ते अंतिम सामन्यापर्यंत आपल्या संघाचे नायक होते, आणि 2003 च्या विश्वचषकांत त्यांनीं एकदिवसीय सामन्यांतील पांचशेंवा बळी घेतला. अमेरिकेचे पोहणारे गॅरी हॉल यांचें निदान 1999 चें. पुढच्याच वर्षीं सिडनीला पन्नास मीटरच्या शर्यतींत त्यांनीं बरोबरींत सुवर्णपदक मिळविलें व 2004 सालीं अथेन्सला तें एकट्यानें पुन्हा जिंकलें. हा उपद्व्याप ते करीतच होते. आमच्या घरीं तो वहीच्या एका ओळींत मावतो: तारीख, खाणें, इन्सुलिन, खेळ, आधींची साखर, नंतरची, पहाटेची. तीन-चार आठवड्यांच्या ओळी जमल्या म्हणजे मुलाची स्वतःची रीत दिसूं लागते, आणि अशी वही पुढें ठेवली कीं डॉक्टरही निराळ्या आस्थेनें बोलतात, असा माझा अनुभव आहे.

शेवटीं, शाळेला एक पत्र द्यावें. तें लांबलचक नसावें. शिक्षकांना लांब पत्रें वाचण्यास वेळ नसतो, हें मी जाणून आहें. त्यांत लिहावें कीं मूल खेळणार आहे. त्याच्या खिशांत ग्लुकोज असेल व तें वर्गांत, मैदानावर, परीक्षेंतही खाण्याची त्याला मोकळीक असावी. घाम, फिकेपणा, अकारण चिडणें अथवा गोंधळून उभें राहणें दिसलें तर प्रश्न न विचारतां आधीं साखर द्यावी. इन्सुलिनची पिशवी उन्हांत ठेवूं नये, कारण उष्णतेनें तें निकामी होतें. आणि साखर घसरलेल्या मुलाला "जा, ऑफिसांत जाऊन बस" म्हणून एकट्याला पाठवूं नये; तें वाटेंत जिन्यावर पडूं शकतें. कोणी तरी बरोबर जावें, किंवा त्याहून बरें, साखर तेथेंच आणून द्यावी.